दुखण्याची रोजकीर्द

रायपूरच्या सदर बाजारात सराफी पेढ्यांची जी दुतर्फा रांग आहे, तिच्यातील एखाद्या जुन्या पेढीवर सायंकाळी घटकाभर बसले, तर तराजू, आरसे आणि मखमलीचे डबे यांच्या मागे, गादीच्या कोपऱ्यात, लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडी वही अजूनही दृष्टीस पडण्याचा संभव आहे. संगणक आला, पावत्या छापील झाल्या, कर भरण्याची रीत पालटली, तरी त्या वहीचा मान पुरता गेलेला नाही. कारण व्यापाऱ्याचा जुना सिद्धान्तच असा की, जे त्या दिवशी लिहिले गेले नाही ते त्या दिवशी घडलेच नाही. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत उतरावयाचा, रोजकीर्दीवरून खतावणी व्हावयाची आणि खतावणीवरून वर्षाचा ताळेबंद निघावयाचा, ही परंपरा ज्या बाजारात एवढी मुरलेली आहे, त्या बाजाराच्या पाठीमागील बोळांत राहणाऱ्या रोगी माणसाने मात्र आपल्या दुखण्याची नोंद कोठेही ठेवलेली नसते, आणि त्याचे नुकसान नेमके तेथेच होते.

आता अशी कल्पना करावी की, या बोळांतील एखाद्या माडीवर मजुरीच्या हिशेबाने दागिने घडविणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक कारागीर आहे. महिन्यातील बरेचसे दिवस तो इतर कोणाही कारागिरासारखा मान खाली घालून काम करीत असतो. परंतु एखाद्या पहाटे त्याच्या मांड्यांत, पाठीत किंवा छातीत अशी कळ उठते की अंथरुणावर कूस पालटणेही अशक्य व्हावे. डोळे पिवळे पडतात, अंगात ताप भरतो, आणि घरची माणसे त्याला रिक्षात घालून 'मेकाहारा'त नेतात. हे मेकाहारा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालय. ते संपूर्ण नाव या शहरात फलकावाचून दुसरे कोणी उच्चारीत असेल असे वाटत नाही. चार-सहा दिवसांनी तो परत येतो, थोडा निस्तेज दिसतो, आठवड्याभरात पुन्हा कामाला लागतो. आणि शेठजी, मनात काही वाईट नसताना, सहज म्हणून जातात की, परवापर्यंत तर तू धडधाकट होतास. हेच वाक्य, थोड्या निराळ्या शब्दांत, पुढे सरकारी कचेरीतही त्याच्या कानावर पडणार असते.

या व्याधीला, म्हणजे सिकल सेलला, छत्तीसगडी माणूस 'सिकलिन' म्हणतो. रक्ताच्या तांबड्या पेशीत प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याच्या एका साखळीतील सहाव्या जागी एका अमिनो आम्लाच्या ठिकाणी दुसरे येऊन बसते, एवढाच काय तो मुळातील फरक. पण तेवढ्यानेच प्राणवायू कमी पडला की ती वाटोळी, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते आणि पलीकडच्या भागाचा रक्तपुरवठा तोडते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांत फुटून जाते. म्हणून पंडुरोग आणि कावीळ ही दोन्ही या रोग्याच्या कायमची मागे लागलेली असतात. १९१० साली शिकागोतील जेम्स हेरिक या वैद्याने ग्रेनाडा बेटातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा विळ्या पाहून त्यांचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत हा दोष आढळला. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तर मूल रुग्ण होते, एकाकडूनच मिळाले तर ते केवळ वाहक राहते, आणि वाहकाला हिवतापाच्या घातक प्रकारापासून थोडे संरक्षणही मिळते. जेथे हिवतापाने शतकानुशतके ठाण मांडले होते त्याच प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, त्याचे कारण हेच. विदर्भ, सातपुडा आणि छत्तीसगड हे या पट्ट्याचे ऐन मध्य. सातपुड्यातील आदिवासींत या रोगावर आयुष्यभर काम करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामाची ओळख. मात्र हा केवळ वनवासी लोकांचा रोग आहे, ही जी समजूत शहरातील सुशिक्षितांत अद्याप आढळते, ती साफ चुकीची आहे; छत्तीसगडात साहू, कुर्मी आदी समाजांतही तो मोठ्या प्रमाणात आहे, म्हणजे सदर बाजाराच्या गिऱ्हाइकांत आणि कारागिरांत तो आहेच आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते सिकल सेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला, आणि २०४७ पर्यंत हा रोग नाहीसा करावयाचा, त्यासाठी सात कोटी लोकांची रक्ततपासणी करावयाची, असा संकल्प सोडण्यात आला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु त्याचे तोंड मुख्यतः अजून जन्माला न आलेल्या पिढीकडे आहे. जो आज जन्मलेला आहे, ज्याचे पोट आज कामावर आहे आणि ज्याचे हाडही आज दुखते आहे, त्याला उद्याच्या भाकरीसाठी ज्या कागदाचा आधार घ्यावयाचा, तो कागद म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला.

हा कागद सिकल सेलच्या रोग्याला मिळू शकतो, हीच गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते: अंधत्व, मंददृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, बहिरेपणा, हातापायांचे व्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. रक्तातील रोगाला त्यात जागा नव्हती. २०१६ साली संसदेने संमत केलेल्या आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रकार एकवीस केले आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकल सेल हे तीन रक्तविकार प्रथमच दाखल झाले. कायद्याच्या परिशिष्टात सिकल सेलची जी व्याख्या आहे तीत कायमचा रक्तक्षय, वेदनांचे प्रसंग, आणि पेशीजाल व अवयव यांची झालेली हानी, अशा तिन्ही गोष्टींचा उल्लेख आहे. वेदनेला कायद्याच्या भाषेत नावानिशी स्थान मिळावे, ही आपल्याकडील कायद्याच्या इतिहासात सामान्य घटना नव्हे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशीची, म्हणजे पालनपोषणाची, नेमणूक होत असे, आणि रतनपूर-रायपूरचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता तेव्हा येथेही तोच रिवाज परिचित असणार. परंतु तेथे मेहेरबानी मृत्यूवर किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कळेची सनद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

आणि अडचण नेमकी तेथेच आहे. कायदा वेदनेचे नाव घेतो, पण दाखला टक्क्यांत मागतो. सदर बाजारात सोन्याचा टंच काढतात तसा वैद्यकीय मंडळाने माणसाच्या दिव्यांगत्वाचा टंच काढावयाचा, आणि तो ४० टक्के किंवा त्याहून अधिक भरला तरच कायद्याच्या बहुतेक लाभांचे दार उघडावयाचे. हे माप ज्या काळी ठरले त्या काळी नजरेसमोर तुटलेला हात होता, गेलेला डोळा होता. आणि हात सोमवारी तुटलेला असेल तर तो शुक्रवारीही तुटलेलाच असतो. सिकल सेलचा रोगी सोमवारी शय्येला खिळलेला आणि शुक्रवारी मंडळासमोर आपल्या पायांनी चालत आलेला असू शकतो. मंडळातील वैद्य निर्दय असतात असे नाही. पण त्यांच्यापुढे माणूस बसतो तो दहा मिनिटे, आणि ती दहा मिनिटे बहुधा बऱ्या दिवसातली असतात, कारण वाईट दिवशी त्याला तेथपर्यंत येताच येत नाही. तेव्हा मंडळाने माणसाकडे पाहून नव्हे तर त्याच्या कागदांकडे पाहून निर्णय करावा, अशीच व्यवस्था रोग्याला स्वतः करावी लागते.

अर्जाची रीत तशी अवघड नाही. जून २०२१ पासून हा दाखला केवळ केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावरूनच दिला जातो. ज्याला स्वतः ते जमत नाही त्याने जवळच्या चॉइस सेंटरवर जावे. लोकांना ऑनलाईन दाखले देणाऱ्या या केंद्रांचे छत्तीसगडात हेच नाव रूढ आहे. छायाचित्र, आधार, राहण्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद चढवावयाचे, अर्जाचा क्रमांक जपून ठेवावयाचा, आणि आपल्या जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून किंवा जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडून तपासणीची तारीख येण्याची वाट पाहावयाची. पूर्वीच्या नियमांत दाखला देण्याची मुदत एक महिन्याची होती; ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली, ही सुधारणा म्हणावी की काय, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र त्याच दुरुस्तीत असेही आहे की, अर्जदाराच्या बाजूने दोन वर्षे काही हालचाल झाली नाही तर अर्ज बाद होतो. म्हणून तपासणीची तारीख चुकली तर 'पुन्हा बोलावतील' या भरवशावर स्वस्थ बसू नये.

खरे काम अर्जाच्या आधीचे आहे. सर्वांत प्रथम हवा तो निदानाचा पक्का कागद. गावोगावच्या शिबिरांत जी झटपट चाचणी होते, तिच्यावरून पुष्कळदा रक्तात दोष आहे एवढेच कळते. तो वाहक आहे की रुग्ण, म्हणजे लोकांच्या भाषेत 'ए-एस' की 'एस-एस', हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने पक्के ठरते, आणि वाहकाला दाखला मिळत नाही, कारण तो रोगीच नव्हे. रायपुरात राज्य शासनाची सिकल सेलसाठी स्वतंत्र संस्था आहे, तेथे ही तपासणी होते. त्यानंतरचा कागद म्हणजे रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे प्रत्येक कार्ड. ही कार्डे बहुतेक घरांत औषध संपले की चुलीजवळ किंवा मुलांच्या हाती जातात. वास्तविक प्रत्येक कार्ड म्हणजे एका वाईट आठवड्याचा सरकारी शिक्क्याचा साक्षीदार असतो. रक्त किती वेळा चढवले, त्याच्या नोंदी; हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर केव्हापासून; कंबरेच्या खुब्याचे क्ष-किरण चित्र किंवा एमआरआय, कारण रक्त न पोचल्याने मांडीच्या हाडाचे डोके झिजून जाणे ही या रोगाची नेहमीची करणी आहे; डोळे, मूत्रपिंड, प्लीहा यांच्या तपासण्या. हे सारे तारीखवार लावून एका पिशवीत असले की मंडळाच्या दहा मिनिटांत पाच वर्षे मावतात.

आणि या कागदांवाचून जे उरते ते रोग्याने स्वतः लिहावयाचे. रुग्णालयात न जाता घरीच कण्हत काढलेले दिवस कोठल्याच दप्तरात उतरत नाहीत, आणि वर्षातील वाईट दिवसांत मोठा वाटा त्यांचाच असतो. दोन आण्यांची वही पुरे, किंवा आताच्या भावात वीस रुपयांची: तारीख, दुखणे कोठे, किती तास, काय घेतले, काम बुडाले की अर्धा दिवस झाले. ज्याच्याकडे पगारपत्रक आहे त्याने हजेरीच्या रजिस्टराची नक्कल मागून घ्यावी. ज्याच्याकडे नाही, त्याची वहीच त्याचे हजेरीपत्रक. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही निव्वळ रोगाचे नाव लिहून न थांबता, हा माणूस किती वेळ उभा राहू शकतो, किती वजन उचलू शकतो, थंडीत व उन्हात त्याला काय होते, हे दोन ओळींत लिहून देण्याची विनंती करावी. मूल्यमापनाची जी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा काढली, ती रोगाच्या नावावर थांबत नाहीत, त्याच्या परिणामांकडेही पाहतात. म्हणून परिणाम लिहिलेला असला पाहिजे.

दाखल्याबरोबर जे ओळखपत्र मिळते त्याला रंग असतात. ४० टक्क्यांच्या आतल्यास पांढरे, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळे, ८० व त्यापुढे निळे. आता महाराष्ट्रातील सिकल सेल नियंत्रण कार्यक्रमात निरोग्याला पांढरे, वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. त्यामुळे ज्याचे अर्धे नातलग गोंदियात आणि अर्धे रायपुरात आहेत, अशा घरात एक पिवळे कार्ड सांगते की तुला काही झालेले नाही, आणि दुसरे पिवळे कार्ड सांगते की तू कायद्याने दिव्यांग आहेस. एकाच व्याधीपुढे दोन शासकीय खात्यांनी एकच रंग विरुद्ध अर्थांनी वापरावा, यात कोणाचा काही कट नाही. पण म्हाताऱ्या आईला हे समजावून सांगणे सोपे नाही.

आता दाखला हाती आल्यावर पदरात काय पडते? येथे पुष्कळांची निराशा होते, म्हणून ते आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा ४० टक्क्यांवरील सर्व प्रकारच्या दिव्यांगांसाठी आहेत, त्यांत सिकल सेलचा विद्यार्थी येतो. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, पण ज्या प्रकारांसाठी ते वाटून दिलेले आहे त्यांत रक्तविकार नाहीत. म्हणजे कायदा त्याला महाविद्यालयात बोलावतो आणि कचेरीच्या दारात उभे करतो. यातील उपरोध असा की, त्याच मुलाचा खुबा याच रोगाने झिजून तो लंगडू लागला, तर त्याला हालचालीच्या दिव्यांगत्वाचा दाखला मिळू शकतो, आणि तो प्रकार आरक्षणात आहे. रोग रक्तात असेपर्यंत कचेरीला दिसत नाही; हाडात उतरल्यावर दिसतो.

जो आधीच सरकारी नोकरीत आहे, त्याला मात्र कायद्याने चांगले चिलखत दिलेले आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही. ते काम त्याच्याने होत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या कामावर न्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे, असे २० व्या कलमात आहे. १९९५ च्या कायद्यातील अशाच कलमाखाली, पाय गमावल्यामुळे आजारपणाच्या पेन्शनीवर घरी पाठविलेल्या एका शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली, कुणाल सिंग यांच्या खटल्यात, संरक्षण दिले, आणि पेन्शन दिली म्हणून हक्क संपत नाही हे सांगितले. रायपुरात रेल्वेच्या वसाहतींतून 'डिकॅटेगराइज' झालेला, म्हणजे गाडीवरून उतरवून कचेरीत बसविलेला, कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. त्या शब्दामागे हाच न्याय आहे.

खासगी नोकरीत हा न्याय थिटा पडतो, आणि तेथे दुसऱ्या दारांवर थाप मारावी लागते. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. आजारपणात त्याला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि यादीतील ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षांची विमा-नोकरी झालेली असेल तर, ८० टक्के दराने आणखी दोन वर्षांपर्यंत. आपला आजार त्या यादीत बसतो की नाही, हे विमा दवाखान्याच्या डॉक्टरांकडून लेखी विचारून घ्यावे. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, सेवेत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही, एका महिन्याची वर्गणी पुरते. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. पण आपला तो माडीवरचा कारागीर? नगावर मजुरी घेणारा, कोणाच्याही हजेरीपटावर नसलेला, तो या दोन्ही दारांच्या बाहेर. त्याच्यासाठी उरते ती निराधारांची पेन्शन. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनीत दारिद्र्यरेषेखालील व ८० टक्के दिव्यांगत्वाच्या व्यक्तीला केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, राज्ये त्यात आपली भर घालतात. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेखाली ४० टक्क्यांवर लाभ मिळतो. ती रक्कम १,५०० रुपये होती, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २,५०० झाली. रेल्वेने सिकल सेलच्या रोग्याला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्याची निम्मी सवलत दिलेली आहे. सदर बाजारातील एका बऱ्या दिवसाच्या मजुरीशी यातील कोणत्याही आकड्याची तुलना करण्याचे धैर्य मला होत नाही.

टक्के ४० च्या खाली आले तर सारे संपले, असे मात्र समजू नये. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने असे ठरविले की, परीक्षेत लेखनिक मिळणे यासारख्या वाजवी सोयी ४० टक्क्यांच्या उंबरठ्याला बांधलेल्या नाहीत. दिव्यांग म्हणून ज्याला अडचण आहे त्याला त्या मिळाल्या पाहिजेत. परीक्षेच्या खोलीत कळ उठणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आणि अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपिलाचाही. बहुतेक माणसे नामंजुरीचा कागद घडी करून खिशात घालतात आणि अपील हा कोर्टकचेरीचा, वकिलाचा विषय समजून गप्प बसतात. वास्तविक हे अपील राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करावयाचे असते, आणि पहिल्या वेळी जे कार्ड जोडावयाचे राहिले होते ते या वेळी जोडता येते.

अर्ज न करण्याचे खरे कारण पुष्कळदा टक्के नसतातच. ते कारण लग्न असते. घरात 'सिकलिन' आहे हे एकदा शिक्क्यानिशी कागदावर आले की बहिणीचे स्थळ मोडेल, या भीतीने धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या मुलाचा दाखला वर्षानुवर्षे काढला जात नाही. या भीतीची टिंगल करण्याचे कारण नाही, ती खरी आहे. परंतु जोडीदारांपैकी दोघांच्याही रक्तात हा दोष असला तरच मूल रुग्ण होण्याचा धोका असतो, हे लग्नाआधीच्या एका रक्ततपासणीने कळते, आणि ती तपासणी लपविलेल्या दाखल्याहून कितीतरी उपयोगी आहे. या शहरातील महाराष्ट्र मंडळ समता कॉलनीत दिव्यांग मुलींसाठी एक वसतिगृह चालविते. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत पसरलेला येथील मराठी समाज या कामात मनापासून आहे. त्याच समाजाच्या घरांत रक्तातील व्याधीविषयी मात्र अजून दबक्या आवाजात बोलले जाते.

सदर बाजारापासून फार दूर नसलेले दाऊ कल्याणसिंह रुग्णालय २००० साली नवे राज्य झाले तेव्हा रिकामे करून त्यात मंत्रालय बसविले होते. रोग्यांच्या खाटा होत्या तेथे फाईली आल्या, आणि मंत्रालय नव्या रायपुरास गेल्यावर पुन्हा फाईली जाऊन खाटा आल्या. दाखल्यासाठी फिरणारा माणूस ही अदलाबदल आपल्या अंगावर रोज अनुभवीत असतो. कधी तो रोगी असतो, कधी फाईल.

दाखला कायमचा मिळतो असे नाही. स्थितीत फरक पडण्याचा संभव वैद्यकीय मंडळास वाटला तर तो मुदतीचा देतात, आणि मुदत संपली की पेन्शन, सवलत, सारे एका रात्रीत थांबते. दिवाळीला सदर बाजारात नव्या वह्यांची पूजा होते, तेव्हा त्या कारागिराने शेठजींच्या वहीबरोबर एक पातळशी वही स्वतःसाठीही आणावी, आणि पहिल्या पानावर, श्रीच्या खाली, तारखेनिशी एवढेच लिहावे की दाखल्याची मुदत अमुक महिन्यात संपते, नवा अर्ज त्याच्या तीन महिने आधी.